टिलेबाई क्लिम्पेल, मुक्काम वीकरमोर

आमच्या अंगणात ती घोडागाडीतून उतरली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. युद्ध संपून वर्ष होत आलं होतं. मार्चातला चिखल आणि दलदलीवरून येणारा बोचरा वारा. गाडीत दोन बायका होत्या. एक म्हातारी, पिसांच्या दुलईत नाकापर्यंत गुंडाळलेली. दुसरी तिशीतली, उंच, रुंद खांद्यांची, पायात पुरुषी बूट. तिनं आधी म्हातारीला उतरवलं, मग दुलई झटकून घडी केली, आणि मग कुठे माझ्या वडिलांकडे पाहिलं.

माझे वडील दिएर्क होलवेडे म्हणजे वीकरमोरमधलं मोठं प्रस्थ. सगळ्यात जास्त जमीन आमची, पंचायतीत शब्द त्यांचा. हरलेल्या जर्मनीचा आमच्याकडचा भाग इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि कुणाच्या घरात किती निर्वासित ठेवायचे हे इंग्रज साहेबाच्या हुकमानं ठरत होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पण नाराजी लपवायची सवयही त्यांना नव्हती.

"कामाची दोन माणसं पाठवतो म्हणाले होते," ते म्हणाले.

"एक कामाची आहे," ती म्हणाली.

"आणि ही?"

"ही माझी सासू. तिचं काम करून झालंय."

बाबांनी त्यांना डुकरांच्या कोंडवाड्यावरची खोली दिली. खरं तर आमच्या घरात एक चांगली, उन्हाची खोली रिकामी होती. माझा मोठा भाऊ ल्यूडर याची. युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, सोळाव्या वर्षी, त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला पुलावर उभं केलं होतं, आणि तो परत आला नाही. त्या खोलीला बाबांनी कुलूप घातलं होतं. आईचीसुद्धा किल्ली मागायची हिंमत नव्हती. त्या उंच बाईला, मी तिला पुढे टिलेमावशी म्हणू लागले, हे सगळं आठवड्याभरात कळलं असणार, पण त्या बंद दाराबद्दल तिनं कधीही विचारलं नाही.

ओटिलिए क्लिम्पेल असं तिचं पूर्ण नाव; बाबा म्हणायचे फ्राउ क्लिम्पेल, म्हणजे क्लिम्पेलबाई. ती तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्व टोकाच्या सायलेशियाची, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा शहरातली. तिथे तिच्या सासरची बेकरी होती. नवरा अल्फोन्स रशियाच्या आघाडीवर बेपत्ता. सायलेशिया पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मन लोकांना हातात मावेल तेवढं घेऊन निघायला सांगितलं. तिच्या हातात सासू मावली आणि ती दुलई.

आमच्या गावात तेव्हा जितके गाववाले, जवळजवळ तितकेच हे 'आलेले'. मुलं त्यांना 'पोलंडवाले' म्हणून चिडवायची. ते जर्मनच आहेत हे कुणी सांगितलं तरी कुणाला फरक पडत नसे. त्यांचं जर्मन वेगळं, आमची गावबोली वेगळी. आम्ही लुथरवाले प्रोटेस्टंट, ते कॅथलिक. आम्ही कुट्टूच्या पिठाचं धिरडं खायचो, आणि ते म्हणायचे की त्यांच्याकडे असलं कुणी कोंबड्यांनाही घालत नाही.

मला मात्र वरच्या त्या खोलीचं वेड लागलं. खालून डुकरांचा वास यायचा, छपरातून वारा यायचा, पण तिथे बोलणं असायचं. आमच्या घरात ल्यूडर गेल्यापासून कुणी बोलत नव्हतं. जेवताना नुसता चमच्यांचा आवाज. मी बटाटे सोलायच्या निमित्तानं वर जायची, आणि मावशी भट्टीच्या गोष्टी सांगायची. पहाटे पावासाठी येणारा चर्चची घंटा वाजवणारा माणूस, पिठात मुद्दाम मीठ कमी टाकणारा सासरा, पावाऐवजी तिच्याकडे बघायला येणारा अल्फोन्स. तो आधी गिऱ्हाईक होता का, असं मी विचारलं. "नाही गं," ती म्हणाली, "तो मालकाचा मुलगा. मी गिऱ्हाईक. पण मला पाव द्यायला तो काउंटरच्या बाहेर यायचा."

त्या वर्षीच्या नाताळात आईनं तिला आमची भट्टी वापरू दिली. कुठून तरी मूठभर खसखस मिळवून तिनं केक केला. तो वास आजही मला मध्येच येतो, काही कारण नसताना. बाबांनी तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "दातात अडकतं." मग दुसरा तुकडा घेतला.

सत्तेचाळीसचा हिवाळा फार वाईट गेला. नद्या गोठल्या, पक्षी तारांवरून दगडासारखे पडायचे. म्हातारी क्लिम्पेल आजी तो सगळा हिवाळा जगली आणि बर्फ वितळायला लागलं त्या आठवड्यात गेली. आईनं तिची शवपेटी आमच्या मोठ्या ओसरीत ठेवली, घर आणि गोठा एकाच छपराखाली असल्यामुळे घोड्यांच्या आणि गाईंच्या मधल्या फरशीवर. आमच्याकडे घरातल्या माणसाची पेटी तिथेच ठेवतात. बाबांनी ते पाहिलं आणि पेटी तशीच राहू दिली.

प्रश्न आला तो पुरायचा. आमच्या गावाची दफनभूमी एका वाळूच्या उंचवट्यावर आहे. वर कोरडी, खाली हळूहळू दलदलीत उतरत गेलेली. वरचा भाग गाववाल्यांच्या घराण्यांचा. 'आलेल्यांना' पंचायतीनं खालचा कोपरा नेमून दिला होता. बर्फ वितळताना तिथे खड्डा खणला की वितीवर पाणी लागायचं. त्या हिवाळ्यात गेलेल्यांच्या पेट्या अक्षरशः पाण्यात सोडाव्या लागल्या होत्या, आणि वर तरंगू नयेत म्हणून दोघा माणसांनी फावड्यांनी दाबून धरल्या होत्या.

शनिवारी दुपारी बेकमानच्या खाणावळीत पंचायत बसायची. टिलेमावशीनं काळा रुमाल बांधला आणि निघाली. आईनं मला हळूच ढकललं, "जा तिच्याबरोबर. एकटी नको."

आत धूर, ओल्या कोटांचा वास, टेबलाभोवती सगळे मोठे शेतकरी. बाबा मधोमध. मावशी दारात उभी राहिली. कुणी बसा म्हणालं नाही.

"मला सासूसाठी वरची जागा हवी," ती म्हणाली.

"वर जागा नाही," बाबा म्हणाले.

"मी आत्ता बघून आले. आहे."

"ती घराण्यांची आहे, फ्राउ क्लिम्पेल. आमच्या सात पिढ्या आहेत तिथे."

"माझ्याही सात पिढ्या आहेत," ती म्हणाली. "त्या बरोबर आणता आल्या नाहीत. एकच आणली, ती तुमच्या ओसरीत आहे."

कुणी तरी खाकरलं. बेकमाननं हातातला ग्लास पुसणं थांबवलं. बाबांची मान लाल झाली होती, पण ते वाकले नाहीत. एकाला दिलं की सगळे मागतील, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजी खालच्या कोपऱ्यातच गेली. फावडी धरायला जी दोन माणसं होती त्यांना मावशीनं बाजूला केलं आणि एक फावडं स्वतः धरलं. मी पाहिलंय ते.

परत येताना ती मला म्हणाली, "गेशे, त्या टेबलाभोवती किती खुर्च्या होत्या?"

"मोजल्या नाहीत."

"मीही नाही. पण त्यातली एक मला पाहिजे."

पुढच्या वर्षी निवडणूक आली. ती दारोदार फिरली. 'आलेल्यां'कडे तर गेलीच, पण गाववाल्यांच्या बायकांकडेही मागच्या दारानं गेली. कुणाचं पीठ मळून दिलं, कुणाच्या आजारी पोराजवळ बसली, आणि उठता उठता म्हणाली, "मतपेटीजवळ तुमचा नवरा उभा नसतो, एवढं लक्षात असू द्या." माझ्या आईनं कुणाला मत दिलं हे तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही. पण त्या रविवारी ती चर्चमध्ये नेहमीपेक्षा मोठ्यानं गात होती.

टिलेमावशी निवडून आली. पंचायतीत पहिल्याच दिवशी तिनं दफनभूमीचा विषय काढला, पण वेगळ्या तऱ्हेनं. वरची जागा मागितलीच नाही. खालचा कोपरा वाळू टाकून उंच करायचा, ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं गाडी द्यायची, ज्याच्याकडे नाही त्यानं फावडं घेऊन यायचं. याला नाही म्हणणं कुणालाच जमेना. त्या शरद ऋतूत सगळं गाव वाळू ओढत होतं. आमचे दोन्ही तपकिरी घोडे बाबांनी स्वतः जुंपून आणले आणि लगाम मावशीच्या हातात देत म्हणाले, "डावा हट्टी आहे."

"ओळखते मी त्याला," ती म्हणाली. "एकाच अंगणात राहतो ना आम्ही."

बाबा तेव्हा हसले होते असं आई सांगायची. मी नाही पाहिलं.

खरी गोष्ट घडली ती बावन्न साली. पंचायतीची नवी निवडणूक झाली होती आणि सरपंच निवडायचा होता. गाववाल्यांचे सदस्य एकानं जास्त, 'आलेले' एकानं कमी. 'आलेल्यां'नी टिलेमावशीचं नाव दिलं. गाववाल्यांनी दिलं कोर्ड विशमानचं.

विशमान कोण, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नसे. हिटलरच्या काळात तोच गावचा पुढारी होता. गणवेश घालून फिरायचा. शेवटच्या एप्रिलमध्ये शाळेच्या पटांगणात सोळा-सोळा वर्षांच्या पोरांची रांग लावून त्यानंच बंदुका वाटल्या होत्या, आणि स्वतः मात्र सायकलवरून गायब झाला होता. पुढे इंग्रजांनी त्याला काही वर्षं छावणीत डांबलं. सुटून आला तो अंग भरलेला, नवा कोट, आणि सगळ्यांशी हसून बोलणारा. मागचं उगाळू नका, म्हणायचा. आणि लोकही उगाळत नव्हते. कुणालाच नको होतं ते.

मी त्या वर्षी बेकमानकडे कामाला होते, कॉफी आणि बिअर नेऊन द्यायला. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. बाहेर पाऊस, आत दिवा लावलेला. मतदान हात वर करून. आधी विशमानचं नाव पुकारलं. एकेक हात वर गेला. बाबांची टोपी गुडघ्यावर होती. दोन्ही हात टोपीवर होते.

"दिएर्क," शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "हात."

बाबा हलले नाहीत.

"दिएर्क, झोप लागली का तुला?" विशमान हसत म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले. "सात वर्षं झाली, कोर्ड. झोप नाही लागत मला."

 मग दुसरं नाव पुकारलं. 'आलेल्यां'चे हात वर गेले, आणि त्यात बाबांचा. सावकाश, जणू हात जड होता.  विशमाननं कोट घेतला आणि पावसात निघून गेला. गावात राहिला तो पुढे वीस वर्षं, पण कुठल्याच टेबलापाशी नाही.

टिलेमावशी उठली, बाबांपाशी आली.

"तुमच्यासाठी नाही दिलं मी मत," बाबा म्हणाले.

"माहीत आहे."

"तुमची ती 'आलेल्यां'साठी घरांच्या वसाहतीची योजना मला मान्य नाही."

"तेही माहीत आहे. पुढच्या शनिवारी त्यावर भांडू."

आणि भांडले. पुढची वीस वर्षं भांडले. आमच्यात माणसं जवळ आली की एके दिवशी ग्लास भिडवून 'अहो'चं 'अरे' करतात. या दोघांनी ते कधीच केलं नाही. आजूबाजूचे सगळे 'अरे-तुरे'वर आले, हे मात्र 'अहो होलवेडे' आणि 'अहो फ्राउ क्लिम्पेल'.

वसाहत झालीच. लाल कौलांची लहान लहान घरं, प्रत्येकामागे परसू, एक डुक्कर पाळण्यापुरती जागा. मावशीला मिळालं ते घर नेमकं आमच्या शेताला लागून, म्हणजे ती आमची सगळ्यात जवळची शेजारीण झाली. तिच्या पुढच्या खोलीत पंचायतीचं कार्यालय थाटलं आणि तिथे टायपिंगला मी लागले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं त्या खोलीत गेली, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं, आणि तो बिचारा रागावत नसे. सकाळी शेगडीत दलदलीतल्या मातीच्या वाळलेल्या ढेपा जळायच्या, तो गोडसर धूर. खिडकीत जेरेनियमच्या कुंड्या. लोक लग्नाच्या नोंदणीला यायचे, हद्दीच्या भांडणांना यायचे, कधी नुसते बसायला यायचे. मावशी सगळ्यांना एकच विचारायची, "बोलायचंय की करायचंय?" बोलायचं असेल तर कॉफी. करायचं असेल तर कोट घालायची.

एकदा दोन भाऊ बांधावरून मारामारी करत आले. तिनं दोघांना परसात नेलं, हातात कुदळी दिल्या आणि बटाट्यांचा अख्खा वाफा खणायला लावला. मग विचारलं, "आता किती जमीन कमी पडतेय?" ते खाली मान घालून गेले. बटाटे आम्ही आठवडाभर खाल्ले.

एकोणसाठ साली तिला विधानसभेचं तिकीट मिळालं, ती निवडून आली आणि राज्याच्या राजधानीत, हॅनोवरला गेली. आमच्या गावातून त्याआधी हॅनोवरला गेले ते फक्त घोडे, विकायला. बाबांनी निवडणुकीआधीच बेकमानकडे जाहीर करून टाकलं होतं की ही बाई तिथे महिनाभर टिकणार नाही, आणि मतदानाच्या दिवशी मात्र सकाळी सगळ्यात आधी जाऊन आले.

तिच्या पहिल्या भाषणाची गोष्ट ती फार रंगवून सांगायची. विषय आमच्याकडच्या वाड्यांवर नळाचं पाणी आणायचा. ती उभी राहिली तर समोरचे अर्धे सदस्य वर्तमानपत्र वाचत होते. ती गप्प उभी राहिली. खूप वेळ. शेवटी एकेक कागद खाली यायला लागला. "वाचून झालं का?" ती म्हणाली. "नसेल तर सावकाश वाचा. माझ्याकडच्या बायका पाण्यासाठी रोज याहून जास्त वेळ उभ्या असतात." नळ यायला पुढे तीन वर्षं लागली, पण आला. आई पहिल्या दिवशी नुसती तोटी उघडबंद करत बसली होती.

शुक्रवारी ती परत यायची. मी स्टेशनवर सायकल घेऊन जायची, तिची बॅग मागे बांधायची आणि आम्ही दोघी कालव्याकाठानं चालत यायचो. त्या चालण्यात मी जेवढी हसले तेवढी नंतर कधी हसले नाही. ती सगळ्यांच्या नकला करायची. हॅनोवरला तिचं कुणीतरी आहे असं गावात बोललं जायचं. मी एकदा विचारलंच.

"होता एक," ती म्हणाली. "पियानो जुळवून द्यायचा लोकांचे. कमी बोलायचा, म्हणून बरा वाटायचा."

"मग?"

"मग काय? अल्फोन्सला कोर्टानं मेलेला ठरवलं. कागद आला. पण मला काही तसं ठरवता येईना."

  कालव्यात बदकं होती, मावशी त्यांना पाव टाकत राहिली.

आता वाईट दिवसांचं सांगते. बहात्तर साली सरकारनं ठरवलं की लहान गावांच्या पंचायती मोडायच्या आणि सात-आठ गावं मिळून एक मोठी पंचायत करायची. तिचाच पक्ष हे आणत होता. सगळ्या गावाला वाटलं, टिले आहे ना, ती हाणून पाडेल. तिनं बाजूनं मत दिलं. एकट्या गावाला चांगली शाळा परवडत नाही, गटारं परवडत नाहीत, रुग्णवाहिका परवडत नाही, हे ती आधीपासून म्हणत होती. कुणी ऐकलं नव्हतं इतकंच. मत देऊन ती दुसऱ्या दिवशी गावात आली आणि सभा बोलावली. दुसरा कुणी असता तर महिनाभर हॅनोवरलाच राहिला असता.

बेकमानकडे उभं राहायला जागा नव्हती. तिनं बांधलेल्या घरांत राहणारे लोकच सगळ्यात जास्त ओरडत होते. ती उत्तरं देत राहिली, शांतपणे. मग बाबा उठले. ऐंशीला आले होते, काठी होती हातात. ते उठले की अजूनही खोली गप्प व्हायची.

"फ्राउ क्लिम्पेल," ते म्हणाले, "तुम्ही आलात तेव्हा तुमच्याकडे गाव नव्हतं. आम्ही दिलं. मनापासून नाही दिलं, पण दिलं. आता तुम्ही आमचं घेतलंत."

मी तिच्या शेजारी बसले होते.  हॅनोवरच्या सभागृहाला गप्प बसवणारी बाई ती. तिनं पर्स उचलली आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेतून बाहेर गेली.

आमचं कार्यालय बंद झालं. माझी नोकरी गेली. नवं कार्यालय दूरच्या शहरात, तिथे माझ्यापेक्षा तरुण मुली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी काही आठवडे तिच्याकडे गेले नाही. मग एका रविवारी दुपारी तीच आली, हातात झाकलेलं ताट. "मी बरोबर केलं असं मला अजून वाटतं," दारातच म्हणाली. "तुझं नुकसान झालं, तेही खरं आहे. आत येऊ का?" मी कॉफी ठेवली.

पुढच्या निवडणुकीला तिनं उभं राहायचं नाही ठरवलं. ती आणि बाबा दोन वर्षं बोलले नाहीत. शेतात बाबा, परसात ती, मध्ये एक कुंपण. बाबा मुद्दाम पाठ करून उभे राहायचे. तीही.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत बाबा अंथरुणाला खिळले. आमच्याकडे रीत अशी की माणूस गेला की सगळ्यात जवळच्या शेजाऱ्यानं घरोघर जाऊन निरोप द्यायचा. दार वाजवायचं, टोपी काढायची, नाव सांगायचं. भावानं करायचं नाही, मुलानं करायचं नाही, शेजाऱ्यानंच. मला वाटलं होतं, बाबा वळणापलीकडच्या दुसऱ्या शेजाऱ्याचं नाव सांगतील.

"टिलेला पाठव," ते म्हणाले. मी बरोबर ऐकलं का, म्हणून वाकले, तर चिडले. "शेजारीण आहे ना? मग."

ते गेले त्या दुपारी मी कुंपणापाशी जाऊन तिला सांगितलं. ती हातातली मुळं झटकत उभी राहिली. मग आत जाऊन काळा कोट घालून आली. सगळं गाव तिनं पायी पालथं घातलं, वसाहतही, गावठाणही. प्रत्येक दारात तिनं आमच्या गावबोलीत सांगितलं, "दिएर्क होलवेडे गेले." अठ्ठावीस वर्षांत ती बोली तिला कधीच धड जमली नव्हती. तिच्या तोंडी आमचे शब्द सायलेशियन व्हायचे. लोक पुढे किती तरी वर्षं आठवण काढायचे की दार उघडलं, वाक्य ऐकलं, आधी हसू आलं आणि मग कळलं काय झालंय ते. काही दारांमागे असे लोक होते ज्यांनी सभेनंतर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांनाही तिला आत बोलवावं लागलं, कारण निरोप आणणाऱ्याला घोटभर दारू द्यायचीच असते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिची चाल जरा वाकडीतिकडी झाली होती.

"सगळ्यांकडे जाऊन आले," ती आईला म्हणाली. "हट्टी होता हो तुमचा माणूस." आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

नंतर तीन-चार वर्षांनी आम्ही दोघी तिच्या गावी जाऊन आलो, माझ्या छोट्या गाडीतून, पूर्व जर्मनीची आणि पोलंडची अशा दोन सरहद्दी ओलांडून. मी वाटेत सारखी तिच्याकडे बघत होते, ती मात्र उतरणीवर मला ब्रेक दाबायला सांगत होती. बेकरी होती जागेवर. पाटी पोलिश. आत एक लठ्ठ, गोऱ्या गालांची बाई. भाषा येत नव्हती, पण मावशीनं भट्टीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे. ती बाई समजली आणि पांढरी पडली. घर मागायला आली असं वाटलं असेल. मावशीनं जोरजोरात मान हलवली. मग त्या बाईनं भिंतीवरचा एक फोटो काढून दाखवला, पूर्वेकडचं कुठलं तरी गाव, बोट खिडकीबाहेर दूर दूर नेलं, आणि हातानं दार बंद झाल्यासारखं केलं. तिलाही कुठून तरी हाकललं होतं. दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. शेवटी त्या बाईनं भट्टीतला गरम पाव कागदात गुंडाळून दिला.

गाडीत बसल्यावर मावशीनं तुकडा मोडला, चावला.

"मीठ जास्त टाकते," म्हणाली. "पण भट्टी छान ठेवलीये."

पुढे बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर विचारते, "गेशे, माझ्या कोबीला पाणी घालायला कुणाला सांगितलंयस?"

ती पुढेही बरीच वर्षं जगली. दर बुधवारी माझ्याकडे पत्ते खेळायला यायची, उघडउघड फसवायची आणि पकडलं तर म्हणायची, विधानसभेत शिकले. लोक हळूहळू परत तिच्याकडे येऊ लागले. नव्या शाळेत शिकून कुणाची नात डॉक्टर झाली, ती पहिला पगार घेऊन मावशीला केक द्यायला आली. सभेत ओरडणाऱ्यांपैकीच एकाची नात ती. मावशीनं केक कापला, मला म्हणाली, "बाजारचा आहे," आणि दोन तुकडे खाल्ले.

एक्याण्णवच्या शरदात, शेवटच्या आजारपणात, ती हॉस्पिटलात होती. पंचायतीच्या निवडणुका होत्या. तिनं टपालानं मत पाठवलं होतं. सोमवारी दुपारी मी गेले तेव्हा तिला बोलायला त्रास होत होता, पण डोळे उघडे होते.

"किती आले मतदानाला?" तिनं विचारलं.

"दहातले सात, आमच्याकडे."

"कमी आहे." थोडं थांबून, "पावसामुळे?"

"नाही, ऊन होतं काल. लोक फिरायला गेले असतील."

"जाऊ देत," ती म्हणाली. "ऊन होतं ना."

आणि मग मला खिडकी उघडायला सांगितली. खालच्या रस्त्यावर शाळा सुटलेल्या मुलांचा गोंगाट होता. तो संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकत होतो.